सही करण्याआधी काय वाचू?

पत्र

ताई, मी ३६ वर्षांची आहे, नाशिकला एका बँकेत नोकरी करते. माहेर निफाड तालुक्यात. वडिलोपार्जित चार एकर जमीन आहे. मधला भाऊ शेती करतो, उन्हाळी कांदा लावतो. धाकटा इंजिनीअर झालाय आणि त्याला पुढच्या शिक्षणाला जर्मनीला जायचंय. दादांनी, म्हणजे वडिलांनी, फोनवर एवढंच सांगितलं, "मे महिन्यात ये, हक्कसोडपत्रावर तुझी सही लागेल. मग दोन एकर काढून याला पाठवू." मधला भाऊ फोनवर गप्प होता. आई म्हणाली, "तू काही बोलू नकोस, सुट्टीला आनंदानं ये."

मला जमिनीचा लोभ नाही. पण रात्री झोप लागत नाही. बँकेत दिवसभर लोकांशी कर्जाचं बोलते आणि घरी माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पैशावरची चार-पाच पुस्तकं वाचून काढली. सगळी गुंतवणुकीची. त्यांत भाऊ नसतात, आई-वडील नसतात. दहा दिवस गावी जाणार आहे. तुम्ही इतकी वर्षं वाचनालय सांभाळलंत, म्हणून विचारते. काय घेऊन जाऊ? आणि मला 'तू'च म्हणा.

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

पुस्तकांचं सांगतेच, पण आधी कागदाचं. या खेपेला त्या हक्कसोडपत्रावर सही करू नकोस. पुढच्या खेपेला करावीशी वाटली तर खुशाल कर. जमीन वडिलोपार्जित आहे म्हणतेस, म्हणजे भावांइतकाच तुझा त्यात जन्मानं हिस्सा आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं तो देशभरातल्या मुलींना मिळाला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं त्याबद्दलच्या उरल्यासुरल्या शंकाही मिटवल्या. शिवाय दोन एकर विकायचेच असतील तर खरेदीखतावर भावांच्या बरोबरीनं विकणार म्हणून तूही सही करू शकतेस. त्यासाठी चारही एकरांवरचा हक्क सोडावा लागत नाही. दादांना हे बहुधा कुणी सांगितलेलंच नाही. गावात वकिलाकडे गेलं की 'आधी मुलीचं हक्कसोड करून घ्या' असंच सांगतात, कारण पुढचे कागद त्यानं सोपे होतात. नाशिकला परतलीस की तुझ्या ओळखीच्या, तुझ्या बाजूनं बघणाऱ्या वकिलाला सातबारा आणि फेरफार दाखव.

माझ्या आईनं अशी सही केली होती. आजोबा गेल्यावर मामांनी तिला तालुक्याला नेलं, सही झाली, परत येताना हिरवी नऊवारी आणि खण घेऊन दिला. ती साडी मी आयुष्यभर ट्रंकेत पाहिली. आईनं ती एकदाच नेसलेली मला आठवते, मामाच्या मुलीच्या लग्नात. मी मोठी झाल्यावर एकदा तिला विचारलं, तुला वाईट वाटलं का गं? ती म्हणाली, "जमिनीचं नाही वाटलं. मला विचारलं असतं तर मी होच म्हटलं असतं."

तुला झोप का लागत नाही, हे मला तुझ्या पत्रातून नीट कळलं आहे असं वाटतं. दादांनी तुला बोलावलं, विचारलं नाही. आणि नीट बघ, मधल्यालाही विचारलेलं दिसत नाही. तो फोनवर गप्प होता ना? तेव्हा मी पुस्तकं निवडताना एकच धरून चालले आहे. प्रत्येक पुस्तकात बघ, या घरात पैशाचं ठरताना कुणाला विचारलं नाही, आणि पुढे त्याचं काय झालं.

पहिलं पुस्तक ऐकून तू म्हणशील, हे तर शाळेत वाचलंय. 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्याच तुरुंगात लिहिलं. आपण सगळ्यांनी ते दहाव्या-बाराव्या वर्षी वाचलं, रडलो आणि मिटून ठेवलं. आता ३६ व्या वर्षी, कर्जखात्यावर बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांनी वाच. उत्तरार्धातली प्रकरणांची नावं नुसती वाचत गेलीस तरी अंगावर येतील : 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक', 'वित्तहीनाची हेटाळणी', 'तेल आहे, तर मीठ नाही!', 'अब्रूचे धिंडवडे'. एका खोताचं घर कर्जात कसं बुडत गेलं, त्याची ही तपशीलवार हकिगत आहे. आई किती प्रेमळ होती हे आपल्या लक्षात राहिलं. व्यवहार त्या घरात सगळ्यात जास्त तिलाच कळत होता, हे मात्र आपण विसरलो. तुकडा विकून टाका आणि कर्ज फेडा, असं ती सांगत राहते. वडिलांना ते पटत नाही, घराण्याची अब्रू आड येते. शेवटी अब्रू जाते, जप्तीही येते. वसुलीचा माणूस दारात बसून बोलू नये ते बोलतो, तेव्हा एरवी मऊ असणारी ती बाई उसळून उभी राहते. ते पान सावकाश वाच.

आणि 'आनंदाची दिवाळी' वाच. भावानं भाऊबिजेला घातलेले थोडे रुपये आईजवळ असतात. स्वतःचं लुगडं जुनं झालेलं, पण नवऱ्याचं धोतर फाटलंय हे तिनं पाहिलेलं. ती त्या पैशांतून नवरा-मुलांना कळू न देता धोतर आणवते. घरात बाईच्या हातात येणारा पैसा केवढा असतो आणि तो कुठे जातो, याचं याहून नेमकं चित्र मला मराठीत दुसरीकडे सापडलेलं नाही. तुझ्या आईनं तुला 'काही बोलू नकोस' का सांगितलं असेल, तेही बहुतेक तुला इथे उमगेल. तिच्यावर रागावू नकोस.

हे पुस्तक मी आणखी एका कारणासाठी पहिलं ठेवलं. जमीन विकणं म्हणजे पापच, असं तू मनात धरून जाऊ नयेस. श्यामच्या आईला जमीन विकायची होती. कधी कधी विकणंच शहाणपणाचं असतं. प्रश्न कशासाठी आणि कुणाला विचारून, हा आहे.

दुसरं, आनंद यादवांचं 'झोंबी'. १९८७ चं पुस्तक, १९९० साली त्याला साहित्य अकादमी मिळालं. हे धाकट्यासाठी म्हणून सुचवते आहे, पण आधी तू वाच. कागलचा मुलगा, शिकायची तहान लागलेला, आणि बाप त्याला शेतातून सोडत नाही. बाप वाईट म्हणून वाचू नकोस, निदान फक्त तेवढंच वाचू नकोस. त्या बापाचा हिशेब बघ. तो गावात सगळ्यांच्या आधी गुऱ्हाळ लावतो. बाकीचे म्हणतात, ऊस उभा राहू दे, रसातलं पाणी आटतं, गूळ जास्त उतरतो. याचं म्हणणं, सगळ्यांचा गूळ बाजारात आला की भाव पडतो, आपला आधी गेला पाहिजे. तुझ्या मधल्या भावाला हे वाचून दाखव. उन्हाळी कांदा काढला की लगेच लासलगावला न्यायचा की कांदाचाळीत भरून पावसाळ्यापर्यंत भावाची वाट बघायची, हा जुगार तो दर वर्षी खेळतो. पुस्तकातला तो बाप त्याला आपल्या गावचा वाटेल.

मग येतो तो प्रसंग. मायलेक दोघं रात्री दत्ताजीराव देसायांकडे जातात. बापाला थेट सांगायची दोघांचीही छाती नाही, म्हणून गावातल्या मोठ्या माणसाकरवी सांगायचं. आणि आम्ही येऊन गेलो हे सांगू नका, असंही विनवायचं. बाप शेवटी हो म्हणतो, पण अटी घालतो : सकाळी अकरापर्यंत शेतात राबायचं, तिथूनच शाळेला जायचं, सुटल्यावर दप्तर ठेवून पुन्हा शेतात, ढोरं चारायची, आणि काम जास्त असेल त्या दिवशी शाळा नाही. मुलगा सगळं कबूल करतो. पोरगा आनंदात असतो आणि वाचणाऱ्याचा घसा दाटून येतो. शिकायचं म्हणून एका मुलानं काय काय मोजलं, ते धाकट्यानं वाचावं असं मला वाटतं. त्याला खजील करायला नाही. त्याच्या जर्मनीची किंमत घरातलं कोण कशात मोजणार आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नसेल. 'दादा बघतील' एवढंच त्यानं ऐकलं असेल.

तिसरं पुस्तक म्हणजे नाटक आहे, आणि माझा सगळा भर त्याच्यावर आहे. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी'. १९८५ साली विजया मेहतांनी ते रंगभूमीवर आणलं. पुढे त्याचे आणखी दोन भाग आले, ते नंतर कधीतरी वाच. विदर्भातल्या धरणगावचे देशपांडे. तात्याजी वारलेत, तेराव्याची तयारी चालली आहे. मुंबईचा भाऊ सुधीर बायकोला घेऊन आलाय. थोरला भास्कर गावी वाडा सांभाळतोय. दाराशी बंद पडलेला ट्रॅक्टर. घरात रोकड नाही, आणि गावजेवण मात्र इतमामानं झालं पाहिजे. पैसे कोण देणार? मुंबईवाल्यानं द्यावेत, असं गाववाल्याला वाटतं, कारण त्याला पगार आहे. गाववाल्यानं द्यावेत, असं मुंबईवाल्याला वाटतं, कारण जमीन, वाडा आणि सोनं त्याच्या ताब्यात आहे. दोघंही खोटे नाहीत. वाचताना तुझं मन एकदा एकाकडे आणि एकदा दुसऱ्याकडे जाईल.

त्यात एक रात्र आहे. घराण्याचा दागिन्यांचा डबा उघडतो आणि वहिनी एकेक करून सगळे दागिने अंगावर चढवते. आयुष्यभर चुलीपाशी उभी राहिलेली बाई. तिला ते सोनं विकायचं नाही, मिरवायचं नाही. एकदा अंगावर घालून बघायचंय. मी हे पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाचनालय बंद करायची वेळ झाली होती, आणि दिवा मालवायचं विसरून मी तशीच बसून राहिले होते. हिरव्या नऊवारीची ट्रंक माझ्या डोळ्यांसमोर आली.

आणि प्रभा. घरातली मुलगी. तिला शिकायचं होतं, शिकू दिलं नाही. तिला काय हवंय, ते कुणी विचारत नाही. धाकटा चंदू घरात गड्यासारखा राबतो, त्यालाही कुणी काही विचारत नाही. तुझ्या घरातले चंदू आणि प्रभा कोण, ते मी सांगायला नको.

आता माझं ऐक. हे नाटक एकटीनं वाचू नकोस. संध्याकाळी ओट्यावर सगळे बसता तेव्हा मोठ्यानं वाचा, भूमिका वाटून घेऊन. दोन-अडीच तासांत होतं, दोन संध्याकाळी केलं तरी चालेल. गाव सांभाळणाऱ्या भास्करची वाक्यं धाकट्याला दे, जो निघून जाणार आहे. शहरातल्या सुधीरची मधल्याला दे, जो राहणार आहे. तुझी आई पोथी वाचते का, ते तू लिहिलं नाहीस. वाचत असेल तर वहिनी तिला दे. दादा वाचणार नाहीत, नुसते ऐकतील. ऐकू देत. आमच्या वाचनालयात दर उन्हाळ्यात आम्ही असं नाटक वाचायचो, आणि मी पाहिलंय की स्वतःचं म्हणून जे माणसाला बोलता येत नाही, ते दुसऱ्याचं वाक्य म्हणून तो स्पष्ट बोलतो. मधेच कुणीतरी थांबतो आणि म्हणतो, "आपल्याकडे पण असंच…" तिथे पुस्तक बाजूला ठेवायचं.

ती वेळ आली तर तीन गोष्टी तुझ्या तोंडी तयार असू देत. एक, मी जमीन मागत नाही, पण मला विचारा. दोन, मधल्याचे चाराचे दोन एकर झाले तर त्याचं वर्षाचं उत्पन्न किती उरेल, हे कागदावर मांडा. तीन, शैक्षणिक कर्ज. हे तुला मी सांगणं म्हणजे कमालच, तू त्याच खुर्चीत बसतेस. पण बाहेरच्यांना जे तू रोज समजावून सांगतेस, हप्ता कधी सुरू होतो, तारण काय लागतं, ते दादांना कधी सांगितलंस का? जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, मोठा खर्च राहण्याखाण्याचा, आणि त्यासाठीची वर्षभराची रक्कम आधीच खात्यात दाखवावी लागते. म्हणजे नेमके किती हवेत हे धाकट्यालाच लिहून आणायला सांग. दोन एकर हा आकडा कुठून आला, हे मला तुझ्या पत्रात कुठेच दिसलं नाही. कदाचित तो दादांनी अंदाजानं म्हटलेला असेल.

मधल्या भावासाठी सदानंद देशमुखांचं 'बारोमास' ने. २००२ ची कादंबरी, २००४ साली साहित्य अकादमी. एकनाथ तनपुरे शिकलेला आहे, पण नोकरीसाठी संस्थेला द्यायला पैसे नाहीत म्हणून शेतीत अडकला आहे. बायको शहरातली, तिचा जीव त्या घरात घुसमटतो. भावाला वेगळी वाट दिसते आहे, आणि सगळ्या वाटा शेवटी त्याच जमिनीपाशी येऊन थांबतात. जड पुस्तक आहे, काही ठिकाणी फार जड. त्याला वाचायला लावू नकोस, नुसतं ओट्यावर ठेव. शेती करणाऱ्या माणसाला बाकीचे 'तू तर घरीच आहेस' असं म्हणतात, तेव्हा त्याच्या पोटात काय होतं, ते तू मात्र वाचून जा. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लावायला तुला त्याची गरज पडेल.

धाकट्याच्या बॅगेत गिरीश कुबेरांचं 'टाटायन' जाऊ दे. मोठी स्वप्नं पाहणाऱ्या घराण्याची हकिगत आहे, त्याला आवडेल. १९२४ साली पोलादाची कंपनी बुडायला आली, तेव्हा दोराबजी टाटांनी स्वतःची सगळी संपत्ती आणि पत्नी मेहरबाईंचा ज्युबिली हिरासुद्धा तारण ठेवला आणि कर्ज उचललं. त्याला एवढंच विचार, आधी स्वतःचं काय तारण ठेवतोस? कर्ज त्याच्या नावावर असेल तर त्याचं शिक्षण त्याचं राहील, आणि गावी येताना त्याला मान खाली घालावी लागणार नाही.

दुपारसाठी, आईशेजारी पडल्या पडल्या वाचायला, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. नवऱ्याच्या हातात पैसा टिकत नाही, घरात उद्याची चूल पेटेल की नाही ठाऊक नाही, १८९५ साली तो ख्रिस्ती होतो आणि संसारच उधळतो. आणि ही बाई हे सगळं असं सांगते की तुम्ही हसता हसता उठून बसता. भाषा बोलण्यातली आहे, आईला ऐकायला जड जाणार नाही. कुठलंही पान काढ, चालतं.

तुझ्या एकटीसाठी आणखी एक, हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका'. लहान वयापासून जिच्या कमाईवर घर चाललं, त्या मुलीचं हे आत्मकथन. तुझं आयुष्य तसं नाही, पण कमावत्या मुलीला घर कुठल्या नजरेनं बघतं, ते तिनं कसलीही भीड न ठेवता सांगितलंय. हे मात्र गावी नेऊ नकोस, परत आल्यावर वाच.

गुंतवणुकीची ती चार-पाच पुस्तकं टाकून देऊ नकोस. त्यांत वाईट काही नाही. फक्त ती एकट्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात, ज्याचा पगार त्याच्या एकट्याचा असतो. आपल्याकडे पगार येतो तेव्हा त्यात कुणाच्या फीचा वाटा असतो, कुणाच्या औषधाचा, कुणाच्या लग्नाचा, आणि हे वाटे कुणी कधी मोठ्यानं म्हणत नाही.

पुस्तकं विकत घ्यायची घाई करू नकोस. तू नाशिकला आहेस, तिथे १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. बहुतेक सगळी तिथे मिळतील. 'वाडा चिरेबंदी' मात्र विकत घे, शक्य असेल तर दोन प्रती, कारण भूमिका वाटल्यावर एका पुस्तकात चौघांची डोकी घुसत नाहीत.

आणि पोचल्या दिवशीच सुरू करू नकोस. मे महिना म्हणजे कांदा काढणी उरकत आलेली असेल, पण चाळीत भरणं राहिलेलं असेल. दोन दिवस भावाबरोबर चाळीवर जा, कांदा निवडायला बस, त्याच्या बायकोला हात दे. चाळ भरून झाली, त्याचे हात रिकामे झाले, की त्या संध्याकाळी नाटक काढ. त्याआधी त्याचं लक्ष लागणार नाही.

तुझी,
वाचनालयवाली ताई